विमान आणि सीबी ढग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बरीच वर्षं विमान कंपनीच्या डिस्पॅच विभागात होतो. विमान उडवणं हे आमचं काम नव्हे. विमान निघण्याआधी मार्ग कोणता, इंधन किती, वाटेत हवामान कसं, याचे कागद आम्ही तयार करतो आणि कॅप्टनसोबत त्यावर सह्या करतो. नातेवाइकांना हा फरक कधी कळला नाही. त्यांच्या लेखी मी 'विमानवाला'. एप्रिल संपत आला आणि संध्याकाळी गडगडायला लागलं की फोन सुरू होतात. गेल्या काही वर्षांत तेच ते प्रश्न इतक्यांदा आले की एकदाचं लिहून टाकलं.

सीबी म्हणजे नक्की कोणता ढग?

क्युम्युलोनिम्बस. वैमानिक, एटीसी (जमिनीवरून विमानांची वाहतूक सांभाळणारे) आणि हवामान खातं, सगळेच त्याला सीबी म्हणतात. आपल्याकडे वळवाचा पाऊस पाडतो तोच हा. दुपारी कापसाच्या ढिगासारखा दिसणारा ढग तीन-चारच्या सुमाराला फुगत जातो, पाच वाजता त्याचा माथा ऐरणीसारखा पसरतो आणि खालून तो काळानिळा होतो.

आत काय चालतं हे माणसाला बऱ्यापैकी अलीकडे कळलं. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत १९४६ साली फ्लोरिडात आणि १९४७ साली ओहायोत पी-६१ जातीची लढाऊ विमानं मुद्दाम अशा ढगांत घालून मोजमापं घेतली गेली. त्यातून ढगाच्या आयुष्याचे तीन टप्पे स्पष्ट झाले. पहिल्या टप्प्यात नुसता वर जाणारा वारा असतो. दुसऱ्यात वर जाणारा आणि खाली कोसळणारा वारा एकमेकांना खेटून वाहतात. तिसऱ्यात सगळं खाली बसतं आणि ढग विरतो. खरा धोका दुसऱ्या टप्प्यात, कारण विमान काही सेकंदांत एका वाऱ्यातून दुसऱ्यात जातं. एका ढगाचा हा सगळा खेळ साधारण अर्ध्या ते एका तासात आटोपतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माणूस अशा ढगात पडला तर काय होतं, याचंही एक उदाहरण आहे. २६ जुलै १९५९ रोजी अमेरिकी मरीन दलाचे विल्यम रँकिन यांच्या जेट विमानाचं इंजिन ४७,००० फुटांवर बंद पडलं. त्यांनी बाहेर उडी घेतली आणि ते नेमके सीबीत सापडले. एरवी दहा-एक मिनिटांत जमिनीवर पोचायचे, त्यांना चाळीस मिनिटं लागली. वारा त्यांना खाली येऊच देत नव्हता, पुन्हा पुन्हा वर भिरकावत होता. ते वाचले.

मग ढगावरून का जात नाहीत?

कारण ढग विमानापेक्षा उंच असतो. एअरबस ए३२० जास्तीत जास्त ३९,००० फुटांच्या आसपास जाते, बोइंग ७३७-८०० जाते ४१,००० फुटांवर. आपल्या पट्ट्यात मे महिन्यातल्या चांगल्या पोसलेल्या सीबीचा माथा ५०,००० फुटांच्याही वर जातो. युरोपात ढग तुलनेने ठेंगणे असतात, कारण तिथे ढगांना अडवणारं वातावरणाचं 'छत'च खाली असतं. विषुववृत्ताजवळ ते उंच आहे.

समजा ढग जरा बुटका निघाला, तरी त्याच्या डोक्यावरून घासून जायचं नसतं. किमान पाच हजार फूट मोकळे हवेत, आणि वाढता ढग मिनिटाला काही हजार फूट वर येऊ शकतो. त्यात आपल्या कमाल उंचीजवळ विमानाचं चालणं नाजूक असतं. फार हळू आणि फार वेगात यांच्यातली मोकळी जागा तिथे अगदी थोडी उरते. अशा वेळी खालून धक्का बसला तर हाताशी काही राहत नाही.

खालून?

नाही. खाली गारा, कोसळता वारा आणि आपल्याकडे सह्याद्री.

मग करतात तरी काय?

वळसा घालतात. सगळी विद्या त्या वळशात आहे. कॅप्टन किती 'धीट' आहे यावर लोक फार बोलतात. माझ्या पाहण्यात जे कॅप्टन नावाजलेले होते ते सीबीच्या बाबतीत सगळ्यात भित्रे होते, आणि त्यांच्या विमानाचे कागद करताना मला शांत झोप लागायची.

विमानाच्या नाकात, पुढच्या गोल टोपीच्या आत, हवामान रडारची चपटी तबकडी असते. ती डावी-उजवीकडे फिरत लहरी सोडते, लहरी पावसाच्या थेंबांवरून परत येतात आणि पडद्यावर रंग उमटतात. हलका पाऊस हिरवा, जास्त असेल तर पिवळा, जोराचा तांबडा. जांभळट रंग म्हणजे जोरदार हिसक्यांची खूण. नियम साधा आहे : जोरदार ढगापासून किमान २० सागरी मैल, म्हणजे ३७ किलोमीटर, लांब राहायचं. तांबड्याच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. दोन ढगांमधून जायचं तर मधली फट निदान ४० मैलांची हवी, कारण दोन्हीकडे वीस-वीस मैल सोडायचे आहेत.

वळसा कुठल्या बाजूने घ्यायचा हेही ठरलेलं असतं. वारा ज्या दिशेने येतो ती बाजू बरी. वारा जिकडे वाहतो तिकडे ढगाचा माथा लांब ओढला जातो आणि त्या छपराखाली, वरून निरभ्र वाटणाऱ्या हवेत, ढगाने बाहेर फेकलेल्या गारा पडतात. नवख्या माणसाला ती बाजू मोकळी दिसते, तिथेच तो फसतो.

आणि हे सगळं लवकर करायचं. शंभर मैल आधी पाच अंश वळलं तर प्रवाशाच्या कपातला चहाही हलत नाही. वीस मैलांवर आल्यावर तीस-चाळीस अंशांचं वळण घ्यावं लागतं आणि तोवर पर्यायही कमी झालेले असतात. म्हणून एक पायलट आपला पडदा जवळच्या अंतरावर ठेवतो आणि दुसरा लांबच्या.

रडारवर सगळं दिसतं ना?

नाही, आणि हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

रडारला पाण्याचे थेंब छान दिसतात, कोरडे हिमकण फार कमी. ढगाचा वरचा भाग हिमकणांचाच असतो. म्हणून ३६,००० फुटांवरून नुसतं समोर बघितलं तर पडदा जवळपास रिकामा दिसू शकतो. तबकडी थोडी खाली झुकवून ढगाचं ओलं पोट शोधावं लागतं. आजची रडार हे झुकवणं बऱ्याच अंशी स्वतः करतात, तरी मुरलेला पायलट अधूनमधून हाताने तपासतोच.

दुसरी गोम जास्त वाईट. पाऊस फारच दाट असेल तर लहरी त्यातच जिरतात आणि पलीकडून काही परत येत नाही. पडद्यावर तांबड्याच्या मागे काळं दिसतं. काळं म्हणजे मोकळं, असं डोळ्याला वाटतं. ४ एप्रिल १९७७ रोजी अमेरिकेत जॉर्जिया राज्यावर सदर्न एअरवेजच्या डीसी-९ विमानाच्या पायलटांना मोकळी वाटलेली जागाच वादळातली सगळ्यात जोरदार निघाली. पाऊस आणि गारांनी दोन्ही इंजिनं बंद पडली. विमान न्यू होप गावातल्या रस्त्यावर उतरवण्याच्या प्रयत्नात ७२ जण गेले, त्यातले काही जमिनीवरचे होते. तेव्हापासून शिकवतात की तांबड्यामागच्या काळ्या सावलीला ढगच समजा.

हिमकणांचं उदाहरण एअर फ्रान्सच्या ४४७ क्रमांकाच्या विमानाचं. १ जून २००९ रोजी रिओहून पॅरिसला जाताना, अटलांटिकवरच्या ढगांच्या पट्ट्यात हिमकणांनी वेग मोजणाऱ्या नळ्या तात्पुरत्या चोंदल्या. ऑटोपायलट सुटला, गोंधळलेल्या हातांनी विमानाचं नाक वर खेचलं गेलं आणि ते समुद्रात कोसळलं. २२८ जण गेले. ढगाने विमान मोडलं नव्हतं. वेगाचे आकडे थोडा वेळ चुकले, आणि त्यानंतर जे घडलं ते कॉकपिटमध्ये घडलं. आता वेगाचा भरवसा गेला तर नाक किती वर आणि इंजिनाला जोर किती ठेवायचा, याचा सराव सिम्युलेटरमध्ये करून घेतात.

वळसा घ्यायला परवानगी लागते का?

लागते. आकाशात इतर विमानंही असतात. पायलट एटीसीला सांगतो, हवामानामुळे वीस मैल उजवीकडे जायचंय, आणि बहुतेक वेळा लगेच होकार मिळतो. मेच्या संध्याकाळी मात्र त्याच वाटेवरची दहा विमानं एकाच फटीतून जायला बघतात. एटीसीवाल्यांची तेव्हा जी तारांबळ उडते ती त्यांनाच माहीत.

समुद्रावर जिथे एटीसीचं रडार नाही, तिथेही सोय आहे. वेळेत परवानगी मिळाली नाही तर पायलट वळतो, आसपासच्या विमानांना रेडिओवर कळवतो, दिवे लावतो, आणि मार्गापासून ठरावीक अंतर गेल्यावर ३०० फूट वर किंवा खाली होतो, म्हणजे कुणाच्या उंचीवर आपण नको.

खरी अडचण सीमेची. २१ मे २०२५ रोजी इंडिगोचं विमान दिल्लीहून श्रीनगरला निघालं होतं. तेव्हा पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना बंद होतं. पठाणकोटजवळ ३६,००० फुटांवर समोर ढग आला. डावीकडे, सीमेच्या बाजूला वळायची परवानगी मिळाली नाही, लाहोरच्या एटीसीनेही नकार दिला. परत फिरावं तर ढग अगदी जवळ आलेला. मग सगळ्यात कमी वेळात पार होता येईल असा, श्रीनगरच्या दिशेचा रस्ता त्यांनी धरला. आत गारांचा मारा झाला, वेगाचे आकडे भरवशाचे राहिले नाहीत, ऑटोपायलट सुटला आणि काही काळ विमान मिनिटाला ८,५०० फूट या गतीने खाली येत होतं. पायलटांनी हाताने ते सावरलं आणि श्रीनगरला सुखरूप उतरवलं. नाकाच्या टोपीला भगदाड पडल्याचे फोटो तुम्ही पाहिले असतील. त्या दिवशी बरेच जण पायलटांना 'आत शिरलेच कशाला' म्हणत होते. नकाशावर सीमेची रेघ आणि डोंगर बघितले की त्या प्रश्नाची धार कमी होते.

आत शिरावंच लागलं तर?

खुर्चीचे पट्टे बांधायचा दिवा लागतो आणि हवाईसुंदऱ्यांनाही 'बसा' असं सांगितलं जातं. ट्रॉली मध्येच सोडून त्या बसल्या तर परिस्थिती गंभीर आहे असं समजा आणि तुम्हीही काही मागू नका.

कॉकपिटमध्ये वेग ठरलेल्या आकड्यावर आणतात. ए३२० साठी २०,००० फुटांच्या वर तो २७५ नॉट (म्हणजे तासाला २७५ सागरी मैल) आहे, बोइंग ७३७ साठी २८०. त्याहून वेगात गेलं तर हिसक्यांचा ताण वाढतो, हळू गेलं तर उचल कमी पडते. इंजिनाचं इग्निशन सतत चालू ठेवतात, म्हणजे ज्योत विझलीच तर लगेच पुन्हा पेटेल. बर्फ वितळवायची यंत्रणा सुरू करतात. कॉकपिटमधले दिवे पूर्ण प्रखर करतात, नाहीतर समोर वीज चमकल्यावर काही क्षण डोळ्यांना दिसेनासं होतं.

त्यानंतर पंख समतल ठेवायचे आणि सरळ जायचं. उंची शंभर-दोनशे फूट वरखाली झाली तर होऊ द्यायची, ती धरायला विमानाशी झोंबाझोंबी करायची नाही. आणि मध्येच मागे फिरायचं नाही. वळताना विमान जास्त वेळ ढगात राहतं आणि पंखांवर ताणही वाढतो.

पावसाने इंजिन विझतं?

साध्या पावसाने नाही. इंजिन भरपूर पाणी गिळू शकतं. सीबीच्या गाभ्यातला पाऊस आणि गारा मिळून मात्र विझवू शकतात, विशेषतः उतरताना जोर कमी केलेला असतो तेव्हा.

यातली माझी आवडती गोष्ट २४ मे १९८८ ची. टाका या एल साल्वादोरच्या कंपनीचं बोइंग ७३७-३०० न्यू ऑर्लिन्सला उतरत होतं. गारांनी दोन्ही इंजिनं गेली. कॅप्टन कार्लोस दार्दानो यांचा एक डोळा पूर्वीच, देशातल्या यादवीत गोळी लागून गेलेला. त्यांनी ते विमान एका कालव्याजवळच्या गवताळ बांधावर उतरवलं. ४५ जणांपैकी एकही दगावला नाही. पुढे इंजिन बदलून ते विमान जवळच्या रस्त्यावरून पुन्हा उडवलं आणि त्याने आणखी कित्येक वर्षं प्रवासी वाहिले. इंजिन बनवणाऱ्यांनी पुढच्या शंकूचा आकार आणि पात्यांमधलं अंतर बदललं, म्हणजे गारा आतल्या गाभ्यात न जाता बाहेरच्या बाजूने निघून जातील.

तरीही १६ जानेवारी २००२ रोजी जावा बेटावर गरुडा कंपनीच्या ७३७ ची दोन्ही इंजिनं अशीच विझली. विमान बेंगावान सोलो नदीत उतरवलं, एक कर्मचारी गेली, बाकीचे वाचले.

वीज पडली तर?

पडते. प्रवासी विमानावर साधारण वर्षातून एकदा पडते असं धरतात. मोठा आवाज होतो, पांढरा लख्ख उजेड पडतो, आणि वीज धातूच्या कवचावरून एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने निघून जाते. ड्रीमलायनरसारखी विमानं धातूची नसतात, त्यांच्या कवचात धातूची जाळी बसवलेली असते. उतरल्यावर इंजिनिअर बारीक डाग शोधतात आणि कधी त्यासाठी पुढची फेरी रखडते.

पूर्वी अशी परिस्थिती नव्हती. ८ डिसेंबर १९६३ रोजी अमेरिकेत मेरिलँडवर पॅन ॲमच्या बोइंग ७०७ च्या टाकीतली इंधनाची वाफ विजेने पेटली आणि ८१ जण गेले. इंधनाच्या टाक्यांचे नियम त्यानंतर कडक झाले.

उतरताना धोका जास्त का?

कारण खाली जागा नसते. ढगातून थंड हवा धबधब्यासारखी खाली येते आणि जमिनीवर आपटून चारी बाजूंना पसरते. याला मायक्रोबर्स्ट म्हणतात. त्यात शिरताना आधी समोरून वारा मिळतो, विमान वर उचललं जातं आणि पायलटला जोर कमी करावासा वाटतो. मग वरून दाब येतो, लगेच मागून वारा येतो आणि वेग एकदम पडतो. हे सगळं चार किलोमीटरच्या आत. २ ऑगस्ट १९८५ रोजी अमेरिकेत डॅलसला डेल्टा कंपनीचं १९१ क्रमांकाचं विमान असंच धावपट्टीआधी आदळलं, १३७ जण गेले. हे वारे वेगळे ओळखून त्यांचा अभ्यास मांडला तो जपानमध्ये जन्मलेल्या तेत्सुया फुजिता यांनी. टॉर्नेडोची तीव्रता ज्यांच्या नावाच्या मापाने मोजतात तेच हे.

आता विमानातलं रडारच पुढे असा वारा असेल तर बोलून इशारा देतं. तो आला की चर्चा नाही, पूर्ण जोर देऊन वर. धावपट्टी डोळ्यांसमोर असताना विमान एकदम वर झेपावलं, तर घाबरू नका आणि 'पायलटला जमलं नाही' असंही म्हणू नका.

पावसाळ्यात मुंबईचं विमान टाळू का?

हा प्रश्न जुलैत विचारतात, विचारायला हवा मेमध्ये. जुलैतला मुंबईचा पाऊस कितीही धो धो असला तरी तो बराचसा समुद्रावरून आलेल्या, तुलनेने शांत ढगांचा असतो. विजा कमी, वर जाणारे वारेही कमी जोराचे. तिथे त्रास वेगळा : कमी दृश्यता, ओली धावपट्टी, आडवा वारा. खरे रागीट ढग मान्सूनच्या आधीचे आणि परतीच्या काळातले. विदर्भ-मराठवाड्यातली गारपीट करणारे आणि बंगालमध्ये कालबैशाखी म्हणतात ते. १ मे २०२२ रोजी मुंबईहून दुर्गापूरला गेलेलं विमान उतरताना अशाच हवेत सापडलं. अनेक प्रवासी आणि कर्मचारी जखमी झाले आणि एक प्रवासी पुढे काही महिन्यांनी दगावला.

टाळायचं असेल तर महिना सोडा, वेळ बदला. मेमध्ये सकाळचं विमान घ्या. ढग दुपारनंतर तयार होतात.

पट्टा सारखा कशाला बांधायचा?

२१ मे २०२४ रोजी लंडनहून सिंगापूरला जाणारं विमान म्यानमारवर असताना वाढत्या ढगांच्या वर सापडलं. पट्ट्यांचा दिवा लागल्यावर काही सेकंदांतच माणसं छतावर आदळली. एक प्रवासी गेला आणि अनेकांना गंभीर इजा झाल्या. मधल्या ४.६ सेकंदांत विमान अवघं १७८ फूट खाली आलं होतं. 'हजारो फूट पडलं' असं सांगणारे बरेच असतात, पण डोकं छताला लागायला तेवढ्याची गरजच नसते. शौचालयात जाऊन आलात की बांधून टाका, सैल का होईना. आणि 'एअर पॉकेट' असं काही नसतं, हवा सगळीकडे असते, फक्त वरखाली होत असते.

पुण्याऐवजी हैदराबादला का उतरवलं?

ढग अर्ध्या-एक तासात विरतो, म्हणून आधी विमान घिरट्या घालत थांबतं. किती थांबायचं हे इंधन ठरवतं. पर्यायी विमानतळापर्यंत जाण्याचं आणि तिथे पोचल्यावर आणखी ३० मिनिटं पुरेल असं इंधन हातचं राखून ठेवावंच लागतं. त्या रेषेला पोचलं की निघायचं, मग पुण्यावर ढग फाटत असला तरी. मेमधल्या संध्याकाळी कॅप्टन मला फोन करून 'आणखी एक टन घाल' म्हणायचे आणि मी घालायचो. जादा इंधन वाहायलाही इंधन जळतं, त्यामुळे वरच्या साहेबांची कुरकुर व्हायची. ती ऐकून घेणं हे माझ्या पगारात धरलेलं होतं.

रात्री खिडकीतून विजा दिसतात. ढग किती जवळ असतो?

वाटतो त्यापेक्षा खूप लांब. ३५,००० फुटांवरून क्षितिजच साडेतीनशे किलोमीटरच्या पलीकडे असतं. नागपूरहून मुंबईला येताना छत्रपती संभाजीनगरच्या आसपास डावीकडे बघा, सोलापूरवरचा ढग आतून कंदिलासारखा उजळताना दिसू शकतो. मध्ये अडीचशे किलोमीटर असतात. वाटेवरचाच ढग असेल तर डावा किंवा उजवा पंख हलकेच कलेल, मिनिटभराने पुन्हा सरळ होईल, आणि पुढच्या खुर्चीच्या पाठीवर नकाशा असला तर त्यातल्या सरळ रेघेला एक छोटं पोक आलेलं दिसेल. शेजारचे बहुतेक झोपलेले असतात.